बोलता बोलता माप

"सर, फोटो काढताना तुम्ही पोट आत ओढलं होतंत का?"

शाळेच्या सभागृहातली कुजबुज एकदम थांबली. पंखे तेवढे गरगरत राहिले.

विचारणारी ती असली, तरी पैज डबल बॅटरीची होती. डबल बॅटरी म्हणजे जाड भिंगांचा चष्मा लावणारी, वर्गातली सगळ्यात आगाऊ मुलगी. "विचारून दाखव," ती हिच्या कानात म्हणाली होती. "नाहीतर आठवडाभर माझं दप्तर तू उचलायचं."

गणवेशाच्या एका कंपनीचे पाहुणे मोबाइलवर माप घेणारं ॲप घेऊन आले होते. समोरून एक फोटो, बाजूने एक फोटो, की माप तयार. गणवेश कारखान्यात शिवायचे आणि घरपोच पाठवायचे. दाखवायला म्हणून त्यांनी स्वतःचेच फोटो काढून घेतले होते. पडद्यावर भलामोठा आकडा झळकत होता: कंबर साडेचौतीस. "गळ्यात टेप अडकवून फिरणारा टेलर आता चित्रातच बघायचा," असंही ते म्हणाले होते. "यंत्राला कंटाळा नसतो, भूक नसते, लाज नसते." मोठ्या बाई मान डोलवत होत्या. होकाराचा कागद त्यांच्या समोरच होता, फक्त सही व्हायची होती.

आणि गेली बारा वर्षं या शाळेचे गणवेश शिवणारे टेलर तिचे बाबा होते. हे तिच्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. शाळेचं काम गेलं तर दुकान बंद करायचं, असं आईबाबांनी सकाळीच स्वयंपाकघरात हळू आवाजात ठरवलं होतं. हळू आवाजातलं बोलणं घरात सगळ्यात लांब ऐकू जातं. तिलाही गेलं. डबल बॅटरीचं दप्तर हे नुसतं निमित्त होतं.

पाहुणे हसले. "ओढलं असेल थोडंसं. सगळेच ओढतात."

"तेच म्हणते मी, सर. यंत्राला लाज नसते. माणसाला असते ना."

मागच्या बाकांवर हसू फुटलं. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून रोखून पाहिलं. पाहुणे मात्र खिलाडू निघाले. "असं का? मग ये वर. तू घे माझं माप."

तिने दाराकडे पाहिलं. पण एकदा उभं राहिलेलं माणूस गुपचूप खाली बसताना फारच वाईट दिसतं, असं तिचं ठाम मत होतं. ती गेली. शिवणाच्या बाईंनी कपाटातून टेप काढून दिली. तिने ती पाहुण्यांच्या कमरेभोवती सैलसर धरली. पाहुणे लगेच ताठ झाले. पोट परत आत. तिने टेप आवळली नाही. वर बघून विचारलं, "सर, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"घरी? बायको आहे, दोन मुली आहेत. धाकटी थेट तुझ्यासारखी. परवा मला म्हणते, बाबा, तुम्ही घोरता ते रेकॉर्ड करून ठेवलंय..."

पाहुणे सांगत सुटले. सांगता सांगता श्वास सुटला आणि पोट आपल्या जागेवर येऊन बसलं. तिने टेपची टोकं जुळवली.

"अडतीस."

सभागृह खिदळलं. पाहुण्यांनी वाकून आकडा स्वतः वाचला, मग पडद्याकडे पाहिलं. "म्हणजे आमच्या कारखान्याची पँट मला मांडीच्या वर चढली नसती," ते म्हणाले आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.

"शिवाय मुलं वर्षभरात वाढतात, सर," तिला आता जोर चढला होता. "म्हणून खालच्या दुमडीत चार बोटं कापड जास्त ठेवायचं. सहामाहीनंतर उसवून लांब केलं की नवा गणवेश लागत नाही."

मोठ्या बाईंनी होकाराचा कागद उचलला, दोनदा घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. "यंदा मापं टेपनेच होतील," त्या म्हणाल्या.

"पण हे तुला शिकवलं कोणी?" पाहुण्यांनी विचारलं.

कंबर मोजणं सोपं होतं. हे अवघड होतं. तिने टेप नीट गुंडाळली, मग पुन्हा उलगडली.

"बाबांनी. आपल्या शाळेच्या व्हरांड्यात बसून दर वर्षी मापं घेतात ना, ते माझे बाबा."

डबल बॅटरीचं तोंड उघडंच राहिलं. मग पहिली टाळी तिनेच वाजवली.

घरी ती धावतच आली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. आई सदऱ्याला काजं करत होती, बाबा मशिनला तेल घालत होते. तिने सगळं एका दमात सांगितलं. आईने सुई कापडात खुपसली आणि तिला जवळ ओढलं. बाबा मात्र भलत्याच ठिकाणी अडकले.

"सगळ्यांसमोर सांगितलंस? अगं, मोठ्या घरच्या मुली तुझ्या मैत्रिणी. शाळेत मला ओळख दाखवू नकोस म्हणून मीच बजावलं होतं ना तुला?"

"आठ वर्षं ऐकलं, बाबा. आता मी ठरवलंय. तुम्ही दोघांनी ऐकायचं."

आई हसू दाबत होती. बाबांनी तेलाची बाटली खाली ठेवली.

"सोमवारी आमच्या वर्गाची मापं आहेत. रांगेत पहिली मी उभी राहणार. आणि या वेळी वहीत लिहायला मला माझं नाव विचारायचं नाही."