दहा सेकंद
कारखान्यात भाऊ बंद प्रेस मशीनच्या आत वाकून साफसफाई करत असताना ते आपोआप सुरू झालं. तो गेला, लॅपटॉपचा पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. आईला वापरता यावा म्हणून बहिणीनं त्यात विंडोजसारखीच दुसरी प्रणाली, नवशिक्यांचं सोपं लिनक्स, घालायला घेतलं. “त्याच्या विंडोजला धक्का लागता कामा नये,” आईनं बजावलं. “शेजारी राहतील दोघं, भांडणार नाहीत,” ती म्हणाली, पण ‘सगळं पुसून टाका’ या ओळीपासून माऊसचा बाण जपूनच दूर ठेवला. काम संपलं. लॅपटॉप सुरू करताच पडद्यावर लिनक्स आणि विंडोज ही दोन्ही नावं आली आणि खाली आकडे: दहा, नऊ, आठ. “हे काय मोजतंय?” “आपण निवडावं म्हणून थांबतं. काहीच दाबलं नाही, तर दहा सेकंदांनी आपोआप सुरू होतं.” आईनं शून्यापर्यंत पाहिलं. “परत दाखव.” चौथ्यांदा पाहिल्यावर आई म्हणाली, “बाहेर यायला त्याला दोन सेकंदही पुरले असते.”