नववं कलम

"बाकी सगळं कबूल. पण हे नववं कलम नाही म्हणजे नाही!" वामनरावांनी टेबलावर असा हात आपटला, की चहाच्या कपबशा उडाल्या.

सन १९४६ मधला चैत्र. सोनेगावच्या विमानतळावरची पत्र्याची खोली. एका बाजूला विमान कंपनीचे मॅनेजर वामनराव, दुसऱ्या बाजूला वैमानिकांचा पुढारी गिरिधर. तीन दिवस करारावर घासाघीस चालली होती. सुट्ट्या ठरल्या, विश्रांतीचे तास ठरले. घोडं अडलं ते एकाच गोष्टीवर. हवा बिघडली तर विमान उडवायचं की नाही, हे ठरवायचं कोणी? वैमानिक म्हणत, आम्ही. कंपनी म्हणे, आम्ही. आणि आज मिटलं नाही तर उद्यापासून संप!

"तुमा लोकांले ढगाचा तुकडा दिसला का सर्दी होते," वामनराव म्हणाले.

"अन् तुमाले खुर्चीतून बाराही महिने ऊन दिसते, साहेब," गिरिधर हसला.

तेवढ्यात कारकून मारोतराव डोकावले. मुंबईचे प्रवासी विमानात बसले होते. त्यांत वामनरावांची आई होती, रुखमाबाई. लेकीचं बाळ पाहायला निघाली होती. विमान गिरिधरच नेणार होता.

दोघं बाहेर आले. हिंगण्याकडचं आभाळ काळंनिळं झालं होतं. वाऱ्यानं वामनरावांची टोपी उडता उडता राहिली.

"हुकूम करा, साहेब. जुन्या करारानं शब्द तुमचा. म्हणसान तर उडवतो."

वामनराव पळतच विमानाकडे निघाले. धोतर सावरत शिडी चढून थेट आत शिरले. गिरिधर मागोमाग. रुखमाबाई कानात कापसाचे बोळे घालून, खिडकीला नाक लावून लहान पोरीसारखी बसली होती.

"आई, उतर!" वामनराव ओरडले.

"काहून?"

"वादळ येऊन राहिलं!"

"तुले काय समजते गा त्यातलं? इमान चालवणारा तू हायस का?" म्हातारीनं समोरची खुर्ची घट्ट धरली. "तो म्हणन तर उतरीन. तुह्या म्हणण्यानं नाही!"

सगळं विमान खो खो हसलं. वामनरावांचे कान लाल झाले. ते दाराशी उभ्या गिरिधरकडे वळले.

"सांगा नं बापा तिले."

"सांगतो की. पण कोणाच्या शब्दानं, साहेब? कंपनीच्या?"

वामनरावांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"तुमच्या," ते म्हणाले.