सरूबाईंचे चार सवाल

"वाचता येत नाय तर नाय. त्यात लाज कशाची?" सरूबाई म्हणाल्या. "पर तोंड हाय ना? तोंडानं इचारायचं. चल आशाबाई, उभी राहा. मी तुझा पुतन्या. ह्यो कागद घे अन् लाव अंगठा."

बाया खो-खो हसल्या. पुंडलिकनगरातल्या त्या गच्चीवर, पत्र्याखाली, तीसेक जणी सतरंजीवर बसल्या होत्या. कुणी शहागंजात भाजी विकणारी, कुणी धुणीभांडी करणारी. मागं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर केशवराव बसले होते.

चाळीस वर्षं वकिली करून निवृत्त झालेले केशवराव आता न्यायसेवा निधीचं काम बघत. शहरातल्या काही वकिलांनी उभारलेला हा निधी, लोकांना कायदा समजावून सांगणाऱ्या कामांना अनुदान देई. सरूबाईंचा अर्ज आला आणि पाठोपाठ एक निनावी पत्रही आलं. बाई स्वतःच अंगठाछाप आहे, वर्ग नुसता कागदावर आहे, असं त्यात लिहिलेलं. खरंखोटं पाहायला केशवराव न कळवता जिना चढून आले होते. "निधीकडून आलोय," एवढंच ते म्हणाले. सरूबाईंनी त्यांच्याकडं क्षणभर पाहिलं, "बसा साहेब," म्हणाल्या आणि वर्ग पुढं सुरू केला.

आशाबाईनं कमरेवर हात ठेवले. "कागद कशाचा?"

"निराधारच्या पगाराचा हाय, काकू," सरूबाई पुतण्याच्या आवाजात म्हणाल्या.

"वाचून कोन दाखिवनार?"

"मी सांगतो की!"

"तू नाय. तिसऱ्या मानसानं वाचायचा. बरं, गवाह कोन? अन् नक्कल मला कवा देनार?"

"अगं काकू, घरातल्या मानसावर भरवसा नाय व्हय तुझा?"

"भरवसा हाय. म्हनूनच इचारते."

टाळ्या पडल्या. केशवरावांचेही हात नकळत वाजले. आशाबाई त्यांच्याकडं वळली.

"साहेब, हे नाटक नाय बरं. माझा पुतन्या खराच आला व्हता असा कागद घेऊन. पयल्या सवालाला हसला, दुसऱ्याला घामेजला. मी कागद घेतला अन् पोस्टातल्या बाबूकडून वाचून घेतला. माझ्या घरच्या जागेचं हक्कसोडपत्र निघालं! अंगठा लावला असता तर आज मी रस्त्यावर असते. आता त्याच जागेवर दोन खोल्या बांधल्यात."

"अन् माझ्या सुनेनं बी," मागून कुणीतरी सुरू केलं. मग एकेक जण बोलतच राहिली. केशवरावांनी टिपणवही उघडली होती, पण लिहायचं राहूनच गेलं. मोठमोठ्या सभागृहांतली कायदा शिबिरं त्यांनी पाहिली होती. हार, भाषणं, फोटो. तिथून घरी जाताना कुणाच्या पदरात काय पडलं, हे कधी कळलं नव्हतं. इथं प्रत्येकीच्या पदरात काही ना काही होतं.

वर्ग सुटला. बाया खाली उतरल्या. सरूबाईंनी चहा आणला.

"एक विचारू?" केशवराव म्हणाले. "हे चार प्रश्न असे एका जागी कुठल्या पुस्तकात सापडायचे नाहीत. कुणी शिकवले तुम्हाला?"

"एका वकिलानं. कोर्टात. एका दुपारीच."

"एका दुपारी?"

"तेवढ्यानं भागलं. मी एकोनीस वर्सं त्याच्यावरच शिकवते."

"आणि नंतर कधी भेटलात त्यांना?"

"नाय. त्यांच्या ध्यानात बी नसंल. मोठ्या वकिलाला लई कामं."

केशवरावांनी कप खाली ठेवला. "बाई, मी चाळीस वर्षं कोर्टात काढली. खटले जिंकले, नाव कमावलं. पण माझ्यापासून कुणी असं काही शिकलं नाही. त्या माणसाचा मला हेवा वाटतो."

सरूबाईंनी त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

"अनुदान तुम्हालाच मिळायला हवं," केशवरावांनी पिशवीतून अर्ज काढला. "मी शिफारस करणारच. फक्त एक अडचण आहे. मार्गदर्शक वकिलाचं नाव आणि सही लागते. तेवढी जागा तुम्ही कोरी सोडलीय. त्यांचंच नाव का घातलं नाहीत?"

"त्यांना न इचारता कसं घालू?"

"मग विचारा की!"

"दोनदा त्यांच्या हापिसाच्या दारापत्तोर गेले. धीर नाय झाला, माघारी आले."

"रागीट आहेत का फार?"

"नाय, नाय. मानूस चांगला असंल. कामात तर एक नंबर."

केशवराव खुर्चीत पुढं सरकले. "हे बघा, मला नाव सांगा. हयात असतील तर आजच जाऊन मी सही आणतो. अशा माणसाला आपण काय पेरलंय ते कळायला नको?"

सरूबाईंनी पदर सावरला.

"अठ्ठ्याण्णव साली मालक वारले अन् दिरानं माझा अंगठा घेऊन सगळी जमीन लिहून घेतली. मी कोर्टात गेले अन् हारले. पिंजऱ्यात उभी करून दिराच्या वकिलानं मला हेच चार सवाल केले व्हते, अन् एकाचंबी उत्तर माझ्यापाशी नव्हतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्ये तुम्हीच, केशवराव साहेब."