बॉयलर किती खातो

तोलून घातलेलं लाकूड जळून संपलं तसा व्यंकटेशनं टाकीतल्या पाण्यात तापमापक बुडवला, मोबाइलवर आकडेमोड केली आणि खात्रीसाठी परत केली. मंचेरियलहून हा बॉयलर तपासणारा इंजिनिअर वॉर्डन पद्मिनीबाईंनीच हट्टानं बोलावून घेतला होता. मुलींच्या वसतिगृहाचं गरम पाणी आज राहणार की जाणार, ते त्याच्या आकड्यावर ठरायचं होतं.

"मॅडम, लाकडातली आंच रुपयाभर धरली तर पाण्यात चार आणेबी उतरून नाही राह्यली."

शेजारी खुर्चीवर शाल पांघरून बसलेल्या सुधाकररावांना आनंदच झाला. हे संस्थेचे सचिव, आणि भैंसा गावच्या बाजारातले कापसाचे बडे खरेदीदार.

"मी काय म्हनलो होतो? नुसतं खाते हे धूड. द्या भंगारात! पोरींले थंड्या पान्याची सवय होऊ द्या. आमी नाई का केल्या आंघोळी? मेलो का?"

पद्मिनीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आदिलाबादच्या या गारठ्यात नळाला हात लावला तरी बोटं बधिर होत होती. धाकट्या पोरी आंघोळीच्या नावानं रडत. त्यांच्यातलीच नेहा आतल्या खोलीत तापानं फणफणत पडली होती, आणि हे निघालेत सवय लावायला!

"बॉयलरमंदी खोट नाही," व्यंकटेश म्हणाला. "नळ्या साफ हायेत, गळती नाही. लाकूड ओलं हाये. लय आंच लाकडातलं पानी आटवन्यातच जाते अन् वाफ होऊन धुराड्यातून निंगून जाते."

त्यानं आणखी एक ओंडका भट्टीत सारला. त्याच्या टोकातून फेस येऊ लागला, चुरचुर ऐकू आली.

लाकूड पुरवत होते सुधाकररावांचे जावई. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच आजवर कोणी तोंड उघडलं नव्हतं.

"ओलं कायचं?" सुधाकरराव उसळले. "उन्हाळ्यापासून वाळवलेलं हाये! अन् तुमचे आकडे आमाले नका सांगू. आमी अडानी मानसं. ओलं काय अन् सुकं काय, आमाले काय समजते?"

आता मात्र पद्मिनीबाईंचा संयम सुटला. त्यांनी ढिगातला एक ओंडका उपसला. साल हाताला चिकट, ओलसर लागली. तो त्यांनी सुधाकररावांच्या पायाशी धाडकन टाकला.

"तुमाले समजत नाही? या पोरींचे बाप कापसाची गाडी घेऊन येतात, तवा गंजीत कोपरापर्यंत हात खुपसता ना तुमी? हात बाहेर काढायच्या आत ओलावा सांगता, भाव पाडता! तवा कसं समजते? घाला हात याले. सांगा, वाळलं हाये का ओलं!"

न्हाणीघराच्या दाराशी बादल्या घेऊन उभ्या असलेल्या पोरी पुढं सरकल्या. त्यातल्या दोघी-तिघींनी ती गाडी आणि तो हात प्रत्यक्ष पाहिला होता.

सुधाकररावांनी ओंडक्याकडे पाहिलं, मग पोरींकडे पाहिलं. दोन्ही हात त्यांनी शालीच्या आत ओढून घेतले.

"थंडी लय हाये आज," ते म्हणाले.