मंगळवारचे वाटाणे

“यांना उपाशीपोटी आणायला सांगितलं होतं ना?” दुर्बिणीची तपासणी अर्धवट थांबवून डॉक्टरबाई बाहेर आल्या. “पोटात अन्न आहे.”

तिचं डोकंच फिरलं. काल दिवसभर नवरा नुसत्या सूपवर होता आणि रात्रीपासून तिने त्याला पाण्याचा थेंब दिला नव्हता. म्हणजे चोर अखेर सापडला होता.

“बेकरीत कामाला आहेत हो,” ती म्हणाली. “दहा वर्षं मधुमेह आहे, पण जिभेचे चोचले सुटत नाहीत.”

वर्षभर हेच चाललं होतं. घरी दोन घास खाल्ले की तो “बास गं, गळ्याशी आलंय,” म्हणून हात धुवायचा. साखर मात्र कधी आभाळाला भिडायची, कधी एकदम तळाला. तिने त्याच्या डब्याची झडती घेतली, शर्टाचे खिसे हुंगले. शेवटी मालकाला फोन केला, केकवर नजर ठेवा म्हणून. तेव्हापासून बेकरीतले सगळे त्याला बोका म्हणायचे. ती घरी कपडे शिवायची. त्याच्या पँटी तिने स्वतः दोनदा कमरेत आत घेतल्या होत्या, तरी चोरून खाणारा माणूस असा वाळतो कशाने, हे काही तिच्या टाळक्यात शिरलं नाही.

परवा, मंगळवारी तिचा पारा चढला. साखरेला चांगली म्हणून मुद्दाम केलेली वाटाणा-गाजराची भाजी त्याने पुन्हा बाजूला सारली.

“माझ्या हातचं नको झालंय ना? ताट साफ केल्याशिवाय उठायचं नाही आज.”

तो उठला नाही. एकेक वाटाणा पाण्याबरोबर गोळीसारखा गिळत त्याने ताट संपवलं. “आता तरी बसला विश्वास?” त्याने विचारलं.

ती भांडी आदळत राहिली होती.

“केकच असणार, ना?” तिने डॉक्टरबाईंना विचारलं.

“ताई, मधुमेहाने यांच्या पोटाच्या नसा मंदावल्यात. खाल्लेलं पुढे सरकतच नाही. म्हणून दोन घासांत पोट भरतं, साखरही वरखाली होते. त्यांचा काही दोष नाही यात.” आणि त्यांनी तिला पडद्यावरचं चित्र दाखवलं.

केकचा कणही नव्हता. अख्खे हिरवे वाटाणे होते, आणि त्यांच्यात गाजराचे चौकोनी तुकडे, तिच्याच हातचे, सगळे एका मापाचे.