बर्फाच्या देशाचा मंत्री

चिन्मयीसाठी स्थळ सुचवताना विनतामावशीनं एवढंच सांगितलं होतं, की मुलगा दुसऱ्या देशाचा पर्यावरणमंत्री आहे. चिन्मयीच्या बाबांनी, भय्यासाहेबांनी, बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून खास खोव्याची जिलेबी मागवली. परदेशी जावई कोणाला नको असतो?

मुलानं, वेदांगनं, आल्या आल्या खरं सांगून टाकलं. अंटार्क्टिकाच्या एका तुकड्यावर जगभरच्या काही लोकांनी इंटरनेटवरून आपला देश जाहीर केलाय. कायदा एकच, तिथे माणसानं पाय ठेवायचा नाही. मंत्री स्वतः जबलपुरातच राहतो आणि कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवतो.

"म्हणजे देश तुम्हीच काढला अन् मंत्रीही तुम्हीच झाले?" भय्यासाहेब हसले. "कोणी मानतं का तुम्हाला?"

"नाही जी."

"उद्या तिथे कोणी मशीन लावून बर्फ खोदला, तर थांबवू शकाल?"

"नाही. ओरडू. जगभर पत्रं लिहू."

"अच्छा! अहो, मी सारी नोकरी पर्यावरणाच्या सरकारी खात्यात काढली. खऱ्या खात्यात. हा तर पोरखेळ झाला. चलो, चहा घ्या आणि निघा."

"बाबा, मला हा मुलगा पसंत आहे," चिन्मयी म्हणाली.

"काहून? याच्या हातात आहे तरी काय?"

"काहीच नाही. तरी ओरडून राहिला. पनागर रोडची आंब्याची झाडं कापली, तेव्हा तुमच्या हातात सगळं होतं."