ट्रायलची शिट्टी

डिझेल पिकअप ट्रायलला काढली की बारीक शिट्टी सुरू व्हायची. गॅरेजमध्ये परत आणली की गाडी मुकी! मिस्त्रीने सेन्सर बदलला, डॅशबोर्ड उचकटला, एकेक वायर तपासली, तरी शिट्टी काही हटेना. तिकडे गिऱ्हाईक ताटकळलेलं, आणि दर ट्रायलला हौसेने शेजारी बसणारे सासरे मात्र खिडकीबाहेर बघत खुशीत डोलत होते.

"येतेय ना हो शिट्टी?" शेवटी मिस्त्री त्यांच्या कानाशी ओरडला.



"मला कुठून ऐकू येणार, जावईबापू? तुमच्या या खडखडाटाने डोकं उठतं, म्हणून गाडीत बसलो की कानातलं यंत्र काढून ठेवतो," म्हणत सासऱ्यांनी ते खिशातून बाहेर काढलं, आणि शिट्टी थेट मिस्त्रीच्या नाकासमोर वाजू लागली.